किल्ली कोणाकडे?

सोयाबीनची पट्टी दिवाळीच्या आगेमागे हाती येते. आडतीवर माल घातला, हमाली-तोलाई कापली गेली, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि हातउसने फिटले, की जे उरते त्याच्याकडे घरातली सगळी माणसे एकदमच बघू लागतात. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, वालूरसारख्या गावात लेकरांच्या नावाने काही बाजूला टाकायचे तर मुहूर्त एवढाच. पुढे रब्बीचे बियाणे येते, वेचणीची मजुरी येते, सोयरिकीतली लग्ने येतात, आणि मृग जवळ आला की उरलेसुरले पुन्हा मातीत जाते. कापसाचे पैसे थंडीत आले तर दुसरी संधी. ती दरवर्षी मिळेलच असे नाही.

मुलांच्या बचतीवरचे बहुतेक लेखन पगारदार घर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. दर महिन्याच्या अमुक तारखेला खात्यातून आपोआप रक्कम वळती करा, असा त्यातला सल्ला. गावात तशी तारीख नसते, सुगी असते. म्हणून या आढाव्यात व्याजाचा तक्ता मी आधी उघडणार नाही. ‘कुठं जास्त सुटतं?’ हा प्रश्न पारावर पहिला येतो, पण माझ्या मते त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न असा: पाऊस दगा देईल त्या साली हा पैसा घरातल्या कोणाला, किती सहज मोडता येईल? दहा वर्षे चांगल्या व्याजाने वाढलेली रक्कम अकराव्या वर्षी बोअरच्या खड्ड्यात गेली, तर ते व्याज लेकराच्या काय कामाचे?

वालूरला जुनी चक्राकार बारव आहे. गावकऱ्यांनी श्रमदान करून, गाळ उपसून ती पुन्हा मोकळी केली, तेव्हापासून लांबून माणसे बघायला येतात. पायऱ्या गोल फिरत खाली जातात. पाणी वरून दिसते, पण घागर भरायची तर पायऱ्या उतराव्या लागतात आणि भरलेली घागर घेऊन चढावेही लागते. मुलांच्या पैशाची जागा साधारण अशी हवी. झाकून टाकलेली विहीर नको, आणि दारातला रांजणही नको.

दारातला रांजण म्हणजे गल्ला. मातीचा असो की पत्र्याचा, त्याची किल्ली वरकरणी लेकराकडे असते आणि खरे तर आईकडे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा घरोघरी डब्यांत, लुगड्यांच्या घड्यांत जपलेले पैसे बाहेर काढावे लागले, आणि बायांनी काय काय साठवले होते ते नवऱ्यांना त्या आठवड्यात कळले. गल्ल्याने हाताला वळण लागते हे खरे, पण पैसा वाढत नाही. यापलीकडे त्याच्यावर लिहिण्यासारखे नाही.

सोन्याचे तसे नाही. बारशाला आलेली अंगठी, वाळे, पोरीसाठी दरवर्षी ग्रॅमभर करत जमवलेले मणी. सोन्याचा भाव गेल्या काही वर्षांत असा चढला आहे, की सोने घेणाऱ्या आजीपुढे बँकवाले गप्प बसतात. पण सोन्याची किल्ली सगळ्यांकडे असते. अडीनडीला पहिले तेच गहाण पडते, आणि पोरीच्या नावाचे सोने सोडवायचे राहून गेले हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यात घडणावळ घेताना जाते, मोडताना तूट धरली जाते. सोने घ्यायचेच असेल तर दागिन्यापेक्षा वळे बरे, आणि हॉलमार्कशिवाय नको.

शेळीचा उल्लेख बचतीच्या लेखात कोणी करत नाही, मी करतो. पोराच्या नावाची उस्मानाबादी पाट घेऊन ती चारणाऱ्याकडे निम्म्या वाट्याने द्यायची, ही आपल्याकडची फार जुनी मुदत ठेव आहे. ही जात बऱ्याचदा जुळी करडे देते, म्हणजे व्याजही चक्रवाढ. साथ आली की मुद्दलही जाते, ही तिची जोखीम. तरी शाळेची बॅग, सायकल, दहावीची शिकवणी अशा मधल्या खर्चाला शेळी जितकी वेळेवर उभी राहते तितकी कुठलीही पॉलिसी राहत नाही. अठरा वर्षांच्या बेगमीसाठी मात्र ती नाही.

आता जिथे सर्वांत जास्त पैसा बुडतो तिकडे येऊ. पिग्मीवाला रोज दुकानाच्या दारात येतो, वीस-पन्नास रुपये घेतो, यंत्रातून पावती फाडून देतो. ही कल्पना मूळची चांगली: १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेने रोज दोन आणे गोळा करण्यापासून तिची सुरुवात केली. आज आपल्याकडे ती मुख्यतः पतसंस्था आणि मल्टिस्टेट चालवतात, आणि मुलांच्या नावाने दामदुप्पट ठेवीही त्याच घेतात. येथे हिशेब साधा आहे. पाच वर्षांत दामदुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास १५ टक्के. ठेवीदाराला इतके द्यायचे तर संस्थेने कर्ज त्याहून बरेच महाग वाटले पाहिजे. त्या दराने कर्ज उचलतो कोण? ज्याला कुठलीही बँक दारात उभे करत नाही तो, किंवा ज्याला ते फेडायचेच नाही तो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने १२ ते १४ टक्क्यांचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्याचे सक्तवसुली संचालनालयाच्या तपासात पुढे आले. २०२३ पासून तिचे ठेवीदार पैशांसाठी हेलपाटे घालत आहेत. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरची आदर्श पतसंस्था उघडी पडली. दोन्ही ठिकाणच्या रांगांत मुलांच्या शिक्षणाचे आणि मुलींच्या लग्नाचे पैसे अडकलेली माणसे होती.

सगळ्या पतसंस्था बुडव्या नसतात, हे लिहायलाच हवे. नीट चाललेल्या संस्थांनी गावोगावच्या दुकानदारांना सावकारापासून वाचवले आहे. मुद्दा संरक्षणाचा आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. राष्ट्रीयीकृत बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँक, सगळ्यांना हे छत्र आहे. पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही, पाटीवर अक्षरे कितीही मोठी असोत. आणखी एक बारीक गोष्ट: बापाची स्वतःची ठेव आणि त्याने अज्ञान मुलाचा पालक म्हणून ठेवलेली ठेव वेगवेगळी मोजली जाते, म्हणून एकाच बँकेत दोन्ही असली तरी मुलाचे ५ लाख वेगळे सुरक्षित राहतात.

बँकांची नावे आपल्याकडे बदलत आली. निजामाच्या काळात १९४१ ला स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत मिसळली. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली. मुलाच्या जन्माला काढलेले पासबुक त्याच्या अठराव्या वर्षी कदाचित वेगळ्याच नावाच्या बँकेचे असेल. त्याने पैशाला काही होत नाही, फक्त पासबुक, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड बदलून घ्यायचा आळस करू नये. मुलांच्या नावाने काढलेली बचत खाती बऱ्याचदा तशीच पडून राहतात. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की ती निष्क्रिय होतात, दहा वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मागितली तर मिळते, पण मागणार कोण?

बँकेच्या मुदत ठेवीची किल्ली पालकाकडे असते आणि ती फार सैल असते. एक अर्ज, एखाद्या टक्क्याचा दंड, आणि सायंकाळपर्यंत रक्कम बचत खात्यात. आवर्ती ठेवीत दर महिन्याचा हप्ता. दोन-चार हप्ते चुकले की दंड आणि कटकट. अंगणवाडी सेविका, शिक्षक, एसटीतले कर्मचारी यांना ती ठीक. सुगीवर जगणाऱ्याला नाही.

टपालाच्या बचत बँकेचे मला आधीपासून कौतुक आहे. १८८२ पासून ती देशात चालू आहे. तिच्यातल्या ठेवींवर पाच लाखांची मर्यादा नाही, कारण मागे सरकार स्वतः उभे असते. शिवाय डाकपाल ओळखीचा असतो. याचा तोटाही आहे: कोणी किती टाकले हे गावभर होते.

टपालातच, किंवा बँकेतही, उघडते ते सुकन्या समृद्धी खाते. २२ जानेवारी २०१५ ला पानिपतला ही योजना सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खाते काढायचे, एका घरात दोन मुलींपर्यंत, जुळ्यांना सवलत. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षे भरायचे, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खाते पिकते. दर तिमाहीला ठरणारा व्याजदर सुरुवातीला ९ टक्क्यांच्या वर होता, २०२० मध्ये ७.६ वर उतरला, आणि जानेवारी २०२४ पासून ८.२ झाला, २०२५ मध्येही तोच होता. त्यावर आयकर नाही. वालूरच्या दृष्टीने मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते व्याज नव्हे. वर्षभरात कधीही, कितीही वेळा भरता येते, ते. पट्टी आली की दहा हजार, कापूस गेला की दोन, आणि कोरड्या साली फक्त २५०. तेही चुकले तर ५० रुपये दंड भरून खाते पुन्हा जिवंत होते. ही योजना कोणी शेतकऱ्यासाठी आखली नाही, पण सुगीला ती बसली.

आकडे बघा. वर्षाला १२ हजार, पंधरा वर्षे, म्हणजे १ लाख ८० हजार भरले आणि दर ८.२ च राहिला, तर एकवीस वर्षांनी ५ लाख ७४ हजारांच्या आसपास होतात. ऐकायला गोड आहे. मात्र महागाई सरासरी ६ टक्के धरली तर त्या रकमेची तेव्हाची ताकद आजच्या पावणेदोन लाखांपेक्षा थोडी कमीच. एजंट पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत. बचत निरुपयोगी असे याचा अर्थ नाही. १२ हजारांत मुलगी डॉक्टर होईल असे स्वप्न विकू नये, एवढाच.

आणि किल्ली? मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येते. जिवावरचा आजार, पालकाचा मृत्यू यांसारख्या प्रसंगी खाते आधी बंद करता येते. पेरणीसाठी मात्र येत नाही. बाप कितीही नडला तरी टपालबाबू हात वर करतो. बारवेच्या पायऱ्या मी म्हणतो त्या याच.

तरी एक दार या योजनेने उघडे ठेवले आहे, ते लग्नाचे. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या लग्नासाठी खाते मुदतीआधी बंद करता येते. आपल्या जिल्ह्यात हे नुसते कलम नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४८ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. जवळजवळ निम्म्या. ज्या घरात पोरीला सोळाव्या वर्षी उजवायचे ठरलेले आहे, तिथे एकवीस वर्षांनी पिकणारे खाते कोणासाठी? त्या घरात पैसा सोन्यात आणि भांड्यांतच जाणार. म्हणजे सुकन्या की सोने हा प्रश्न व्याजाचा राहत नाही, पोर किती वर्षे शाळेत जाणार याचा होतो. सेलूपर्यंतच्या गाडीची वेळ, मुलींचे वसतिगृह, कॉलेजची फी या गोष्टी बचतीच्या लेखात बसत नाहीत असे वाटते खरे, पण बचत कशात होणार हे त्याच ठरवतात.

सरकारही मुलींच्या नावाने थोडे टाकत असते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेत जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठराव्या वर्षी ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार मिळायचे आहेत. अंगणवाडी सेविकेकडे अर्ज असतो. मधले हप्ते खर्चून टाकण्याऐवजी तेच सुकन्या खात्यात भरता येतात, हे फार कमी जणांना सुचते.

अनाथ झालेल्या लेकरांचा पैसा सरकारने कुठे ठेवला, तेही बघण्यासारखे आहे. कोविडमध्ये आई-बाप दोन्ही गेलेल्या मुलांच्या नावावर महाराष्ट्राने २०२१ मध्ये ५ लाखांची मुदत ठेव केली आणि ती एकविसाव्या वर्षापर्यंत बांधली. त्याआधी, २००६ पासून, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना मिळणाऱ्या १ लाखापैकी ३० हजार रोख आणि ७० हजार मासिक प्राप्ती योजनेत, अशी वाटणी आली. विधवेवर हा अविश्वास आहे, अशी टीका होऊ शकते, आणि तीत तथ्य आहे. पण दारात उभ्या सावकारापासून आणि दिरा-भावांपासून पोरांचे चार पैसे वाचवायचे, तर कुलूप लागतेच, एवढे सरकारलाही कळले होते.

कुलूप आले की सही कोणाची, हे आलेच. १९८४ मध्ये गीता हरिहरन या लेखिकेने अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले. आई-बाप दोघांचेही ठरले होते, की पालक म्हणून सही आईची असेल. बँकेने अर्ज परत केला: वडिलांची सही आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला, की बाप हयात आहे एवढ्यावरून आईचे पालकत्व डावलता येत नाही. मुलांच्या बचतीवरचे सर्वांत महत्त्वाचे कागद कोणते असे कोणी विचारले तर मी योजनांची पत्रके नाही, हा निकाल दाखवीन. बँकेत मुलाचे खाते आईच्या पालकत्वाने उघडता येते. आणि माझा आग्रह तोच आहे. बाप वाईट म्हणून नव्हे. कर्ज बापाच्या नावावर असते, तगादा त्याला असतो, म्हणून मोह आधी त्याला होतो. जुलै २०२४ पासून सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार ज्या आईच्या खात्यात येतात, तिच्या हाती तर सुगी सोडूनही महिन्याचे काही पडू लागले आहे. ते चालू आहेत तोवर त्यातले दोनशे लेकराकडे वळवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आजी-आजोबांनी हौसेने नातीचे सुकन्या खाते काढले असेल तर पालकत्व आई-वडिलांच्या नावे करून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून नियम तसा आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. एलआयसीचा एजंट गावातला, नात्यातला, आणि पोराच्या नावाची पॉलिसी नाकारणे अवघड. पण कमावत नाही त्याचा विमा कशाला? नांगर धरणाऱ्याचा उतरवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते, अपघात विमा २० रुपयांत. मुलांच्या नावाच्या पॉलिस्यांचा परतावा बहुधा सुकन्याच्या मागेच राहतो, आणि दोन दुष्काळी साली हप्ते चुकले की पॉलिसी बंद पडते.

म्युच्युअल फंडाचे नाव आता सेलूच्या मोबाईल दुकानातही ऐकू येते. वीस वर्षे हात न लावता ठेवता आले तर शेअर बाजाराशी जोडलेला साधा इंडेक्स फंड महागाईच्या पुढे राहण्याची शक्यता मोठी, हे मी मान्य करतो. पण २००८ या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता. ज्याच्या शेतात गारपीट आणि फंडात घसरण एकाच साली आली, तो फंड मोडणारच, आणि तोटा पक्का करणार. त्यात ही किल्ली खिशातल्या मोबाईलमध्येच असते. नोकरीवाल्या घरांनी यात थोडे जरूर टाकावे. निव्वळ कोरडवाहूवाल्याने आधी सुकन्या किंवा पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), मग उरले तर हे. १८ सप्टेंबर २०२४ ला आलेली एनपीएस वात्सल्य ही मुलांच्या नावाची पेन्शन योजना त्याउलट झाकलेली विहीर: पैसा मुख्यतः पोराच्या म्हातारपणासाठी. ज्याला अजून अकरावीची फी भरायची आहे, त्याला साठाव्या वर्षीचे पेन्शन आज दाखवणे मला पटत नाही.

राहिला मुलगा. त्याच्यासाठी सुकन्यासारखे काही नाही. जवळचे म्हणजे पीपीएफ. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, वर्षाला ५०० ते दीड लाख, तेच सुगीच्या सोयीने भरणे. दीड लाखाची मर्यादा पालकाच्या आणि मुलाच्या खात्यांना मिळून आहे. तेच १२ हजार पंधरा वर्षे भरले तर सव्वातीन लाखांच्या आसपास. पोर तीन वर्षांचे असताना खाते काढले तर ते पोराने अठरा ओलांडल्यावर पिकते, आणि मग किल्ली कायद्याने त्याची होते. तोपर्यंत जन्मदाखला, आधार आणि शाळेचा निर्गम उतारा यांतली नावे एकसारखी करून ठेवावीत. एकात बापाचे नाव पूर्ण, दुसऱ्यात अर्धे, तिसऱ्यात आडनावाचे स्पेलिंग वेगळे, यापायी पिकलेली खाती महिनोन्‌महिने अडतात.

खाते पिकेल त्या दिवशी सही करून पोरगा पैसे घेईल आणि त्यांची मोटारसायकल आणेल, अशी भीती बाप बोलून दाखवतात. आणेलही. २१ एप्रिल २०२५ ला रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवायची मुभा बँकांना दिली, रकमेची मर्यादा बँकेने ठरवायची. दहाव्या वर्षी पन्नास-शंभर रुपये स्वतः भरणारे, स्वतः काढणारे आणि एकदोनदा उडवून पस्तावलेले पोर अठराव्या वर्षी शोरूमकडे वळेल की अकोला-लातूरच्या क्लासकडे, हे मला सांगता येणार नाही. पण उडवायचेच असतील तर ते शंभर रुपये असताना उडवलेले बरे.